‘अद्याप स्पष्ट नाही’ : चिनी पारंपरिक औषधांवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

बीजिंग, शांघाय, नानजिंग, ग्वांगजौ, शिजियाझुआंग आणि इतरत्र जुनाट आजारांसाठी पारंपरिक औषधांच्या चाचण्या करणाऱ्या सर्व डॉक्टर-संशोधकांना,

सविनय नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण माझा सगळा विचार याच भाषेत होतो. शिवाय यातलं अर्धंअधिक आमच्या माणसांनाही लागू आहे. त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्यापर्यंत पोचवायला कुणी ना कुणी भेटेलच.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक आजी राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. वय ७८. गुडघे झिजलेले, रक्तदाब आहे, साखर आहे, आणि चार वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित झाल्यापासून रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी सुरू आहे. त्यांचा नातू तुमच्याकडे एमबीबीएस करून परतला. येताना आजीच्या गुडघ्यांसाठी कॅप्सूलचे तीन खोके घेऊन आला. मी ‘औषधांच्या ट्रायलमध्ये’ काम करते एवढं अक्कांना ठाऊक आहे, म्हणून खोका पदराखाली घेऊन त्या जिना चढून वर आल्या. बारा पायऱ्या, मध्ये दोनदा थांबून.

खोक्यात बारीक घडी घातलेला कागद होता. नातवाला बोलावलं आणि म्हटलं, वाच. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. घटक वनस्पती. मग गुण : वारा घालवते, ओल घालवते, ठणका थांबवते. अक्का खूश झाल्या, वाताला आमच्याकडेही असंच बोलतात. मग मात्रा. त्यापुढची ओळ होती ‘दुष्परिणाम’, आणि तिथे चारच अक्षरं. तो क्षणभर थांबला. ‘शांग बू मिंगच्युए,’ म्हणाला. म्हणजे काय रे? ‘अद्याप स्पष्ट नाही.’ कुणी घेऊ नये? ‘अद्याप स्पष्ट नाही.’

अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘मग घेऊ का नको?’

हे पत्र त्या प्रश्नातून निघालं आहे.

मी डॉक्टर नाही. पुण्यात गेली १९ वर्षं क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते. संमतीपत्र समजावून सांगणं, बाटल्या देणं, उरलेल्या गोळ्या मोजून परत घेणं, फॉलो-अपला न आलेल्याला फोन करणं, काही बिघडलं तर चोवीस तासांच्या आत कळवणं, हे माझं काम. अॅलोपॅथीच्या ट्रायल केल्या, आयुर्वेदाच्याही केल्या. तुमचे निबंध मी वाचते ते या बाजूनं. आकडे बघण्याआधी मी बघते, किती जण मधेच गळाले, त्यांना कुणी विचारलं का, आणि ट्रायल किती दिवस चालली.

तुमच्या देशाच्या औषध प्रशासनानं पारंपरिक औषधांच्या नोंदणीचे विशेष नियम केले, ते १ जुलै २०२३ पासून लागू झाले, हे मला त्या कागदानंतर शोधताना कळलं. त्यात एक कलम आहे : औषधाच्या माहितीपत्रकात निषेध, दुष्परिणाम आणि खबरदारी या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी ‘अद्याप स्पष्ट नाही’ असं लिहिलेलं असेल, तर नियम लागू झाल्यापासून तीन वर्षं उलटल्यावर त्या औषधाची पुन्हा नोंदणी होणार नाही. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांच्या तोंडात साखर पडो. आमच्याकडे असं कलम असावं असं मला मनापासून वाटतं. आमच्या कितीतरी डब्यांवर ती ओळच नसते, असली तर ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असं ठळक अक्षरांत असतं. त्यापेक्षा तुमचं ‘अद्याप स्पष्ट नाही’ प्रामाणिक.

पण ती रिकामी ओळ दोन तऱ्हांनी भरता येते. जुन्या ग्रंथांतून चार वाक्यं उचलायची, दोन-तीन सुट्या तक्रारी जोडायच्या, ‘क्वचित मळमळ’ लिहून मोकळं व्हायचं. किंवा खरोखरच माणसं घ्यायची, वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहायचं आणि बघायचं. ही दुसरी वाट तुम्ही धरावी, एवढंच मला सांगायचं आहे. ते का सांगते, त्यासाठी माझ्या मावशीचं सांगायला हवं.

मावशी सोलापूरची. तिच्या घरात यंत्रमाग होता, चादरींचा. चाळिशीत तिला आमवात झाला. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नसत, कपाचा कान धरवत नसे. एक जण दर गुरुवारी सायकलवर यायचा, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड द्यायचा. दोन चिमटी मधातून, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी मावशीनं भाकरी थापली. मी तेव्हा शाळेत होते, सुट्टीला तिथेच होते. परातीवर थापटण्याचा तो आवाज ऐकून आजी देवापुढे जाऊन उभी राहिली होती, हे मला आजही दिसतं. चार महिने गेले, सहा गेले, आठ गेले. मावशीचा चेहरा भरला, गाल गोल झाले. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. मग तो माणूस यायचा बंद झाला. पंधरा दिवसांत मावशी अंथरुणाला खिळली, उलट्या, रक्तदाब पार खाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुडीचा कागद बघितला, चेहरा बघितला आणि विचारलं, हे किती दिवस चाललं होतं? त्या पुडीत स्टेरॉइड होतं. मावशी वाचली, पण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेला होता, ते हाड पुढे ढासळलं. आज ती काठी घेऊन चालते. आणि आजही म्हणते, ‘ते औषध चांगलं होतं गं. त्यानंच मला उठवलं.’

ती खोटं बोलत नाही, हे मला या कामात पडल्यावर उमगलं. तिला खरंच बरं वाटत होतं. त्या पुडीची तीन महिन्यांची ट्रायल कुणी केली असती, तर ती दणक्यात यशस्वी ठरली असती. सांध्यांची सूज कमी, सकाळचा आखडलेपणा कमी, रुग्ण समाधानी. आमच्या फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. नुकसान चौथ्या महिन्यापासून पुढे होतं, आणि ते टिपायला तिथे कुणीच नसतं.

तुमचं औषध भेसळीचं नाही, हे मला कळतं. तुलना औषधाची नाही, मुदतीची आहे. जुनाट आजाराचा रुग्ण औषध वीस वर्षं घेतो. त्याची परीक्षा बारा आठवड्यांत, फार तर चोवीस आठवड्यांत उरकली तर आपण त्याच्या आयुष्याचा एक कोपरा बघितला.

आमवाताचंच घेते. तुमच्याकडची लेइगोंगथंग, ‘गर्जनादेवाची वेल’. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तुमचे डॉक्टर ती सांध्यांसाठी वापरत आहेत. बीजिंगच्या संशोधकांनी २०७ रुग्णांवर तिची मेथोट्रेक्सेटशी, म्हणजे आमवाताच्या नेहमीच्या आधुनिक औषधाशी, तुलना केली, २४ आठवडे. रुग्णांना निम्म्यानं किंवा त्याहून जास्त आराम पडण्याचं प्रमाण मेथोट्रेक्सेटवर ४६.४ टक्के, वेलीवर ५५.१ टक्के आणि दोन्ही मिळून ७६.८ टक्के. आमवाताच्या कोणत्याही डॉक्टरनं खुर्चीत पुढे सरकून वाचावेत असे हे आकडे आहेत. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करून न थांबता तुम्ही दोन्ही एकत्र देऊन बघितलं, हे मला सगळ्यांत आवडलं. घराघरांत रुग्ण तेच करतात. पुढे यांतल्या काही रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे एक्स-रेही तुम्ही तपासलेत.

याच वेलीनं बायकांची पाळी अनियमित होते, बंद पडते. पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू कमी होतात. इतके, की १९८०च्या दशकात तुमच्याकडे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनही तिचा अभ्यास झाला. हे कुणी शोधलं? रुग्णांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या आणि सांध्यांपलीकडचेही प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांनी. त्यामुळे आज तिथला डॉक्टर तरुण मुलीला ही वेल देताना थांबतो. ‘अद्याप स्पष्ट नाही’ची ओळ अशी भरतात. तुमच्याच हातून ती एकदा भरली गेली आहे, म्हणून तर मी हे मागते आहे.

आमच्याकडेही असं एकदा घडलं आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोपेसाठी आमचे वैद्य पूर्वापार देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबावर उपयोग करून ५० रुग्णांचा अनुभव १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाला रक्तदाबाचं एक पहिलंवहिलं कामाचं औषध त्यातून मिळालं. काही वर्षांनी डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की, ते दीर्घकाळ घेणाऱ्यांतले काही जण खोल उदास होतात. तेही लिहिलं गेलं. आम्हाला शाळेत सर्पगंधेचा अभिमान शिकवला. हा दुसरा भाग मला नोकरीत लागल्यावर कळला. दोन्ही एकत्र शिकवायला हवं होतं.

आता तुमच्या मोठ्या चाचण्यांविषयी. हृदय कमजोर झालेल्यांसाठीच्या ‘छिलीछियांगशिन’ कॅप्सूलची चाचणी मी तीनदा वाचली. १३३ रुग्णालयं, ३११० रुग्ण, प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या, दिसायला सारख्या कॅप्सूलशी तुलना, आणि सगळ्यांचे नेहमीचे आधुनिक उपचार चालूच. कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदयामुळे मृत्यू किंवा हृदयाच्या बिघाडामुळे पुन्हा दाखल होणं २५.०२ टक्क्यांत झालं, प्लासिबोवर ३०.०३ टक्क्यांत. ‘ताकद वाढली’, ‘दम कमी लागला’ अशा गोष्टींवर तुम्ही थांबला नाहीत. मरण आणि भरती मोजलंत. असल्या कसोटीला उभं राहायला धाडस लागतं, आमच्या किती औषधांनी ते दाखवलं आहे?

त्या कॅप्सूलमधल्या अकरा घटकांची यादी वाचताना माझा जीव अडकला. दालचिनीच्या डहाळ्या आहेत. करडईची फुलं आहेत. सोलापूरच्या बाजूला करडईची शेतं केशरी-पिवळी होतात तो वास माझ्या नाकात बसलेला आहे. आमच्या बचनागाच्या जातकुळीतलं, शोधन केलेलं फूझी आहे. आणि डानशेन ही मुळी आहे. डानशेनबरोबर वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त वाजवीपेक्षा पातळ झाल्याचं हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकातच नोंदवलं होतं. म्हणजे अक्कांसारख्या बाईला हृदयासाठी ही कॅप्सूल द्यायची झाली, तर आधी रक्ताची तपासणी कधी, किती दिवसांनी पुन्हा, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. चाचणीत रुग्ण सरासरी दीड वर्ष तुमच्या नजरेखाली होते. एवढी माणसं, एवढ्या भेटी. वॉरफरिन घेणाऱ्यांचं काय झालं, किडनी आधीच मंद असलेल्यांचं काय झालं, साखरेसाठीच्या मेटफॉर्मिनबरोबर काय झालं, हे तुमच्या फायलींत कुठेतरी असणारच. ते वेगळं काढून छापा, ही विनंती आहे. आणि त्या ३११० जणांना दीड वर्षावर सोडून देऊ नका. पाच वर्षांनी फोन करा. फोन करणारी बाई माझ्यासारखीच कुणीतरी असेल; तिला वेळ आणि पगार द्या.

हे औषध शिजियाझुआंगच्या कंपनीचं आहे आणि चाचणीच्या खर्चात कंपनीचाही वाटा होता. यात लपवाछपवी काही नाही, निबंधात तसं लिहिलेलं आहे, जगभर असंच चालतं. पण म्हणूनच दुसरी चाचणी कंपनीच्या पैशांशिवाय व्हायला हवी. शिजियाझुआंगचं नाव वाचलं की, सोलापूरच्या माणसाच्या मनात वेगळंच काही हलतं. आमच्या भैय्या चौकातल्या घरातला मुलगा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली तुमच्याकडे जखमींवर शस्त्रक्रिया करायला आला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेला. त्यांची समाधी तुमच्या त्याच शहरात आहे. लहानपणी त्या घरावरून शाळेत जाताना बाई सांगायच्या, चीनमध्ये यांना सगळे ओळखतात. तुमच्याशी हक्कानं बोलायचं बळ मला तिथून मिळतं.

माझ्या टेबलासमोरच्या बोर्डावर मात्र यशस्वी चाचणी लावलेली नाही. तिथे आहे २०२४ साली प्रसिद्ध झालेली मेंदूतल्या रक्तस्रावावरची चाचणी. चीनमधली २६ रुग्णालयं, १६४८ रुग्ण, पारंपरिक काढा विरुद्ध प्लासिबो, ९० दिवसांनी अपंगत्वाचं मोजमाप. दोन्ही गटांत गुण ०.४४. फरक शून्य. वर्षानुवर्षं वापरात असलेलं औषध, ज्यावर वैद्यांचा विश्वास होता, ते या आजारात उपयोगी पडलं नाही, असं तुम्ही जगासमोर सांगितलंत. आजार जुनाट नसला तरी हा कागद मी नव्या मुलामुलींना दाखवते. १९९८ साली एका आढाव्यानं दाखवून दिलं होतं की, चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अॅक्युपंक्चरच्या झाडून सगळ्या चाचण्या यशस्वीच निघाल्या होत्या. सगळ्याच यशस्वी, म्हणजे कुठेतरी अयशस्वी कागद खणात पडून होते. २२ जुलै २०१५ला तुमच्या औषध प्रशासनानं १६२२ नव्या औषध-अर्जांच्या चाचण्यांची आकडेवारी ज्याची त्यानं पुन्हा तपासा असं फर्मावलं, तेव्हा बहुसंख्य अर्ज मागे घेतले गेले. तिथून इथवर तुम्ही आलात. ०.४४ विरुद्ध ०.४४ छापणाऱ्या माणसाच्या पुढच्या यशावर मी विश्वास ठेवेन.

प्लासिबोबद्दल थोडं बोलते, कारण हे काम हातानं केलेल्यालाच कळतं. साखरेच्या गोळीसारखी पांढरी गोळी करणं सोपं. काढ्याचा प्लासिबो कसा करायचा? रंग, कडवटपणा, वास, जिभेवर मागे राहणारी चव. काही जण डेक्स्ट्रिन, रंग आणि कडू पदार्थ वापरतात. काही जण खऱ्या औषधाचा पाच-दहा टक्के अंश टाकतात. आमच्या एका गुडघ्यांच्या ट्रायलमध्ये खऱ्या कॅप्सूलमध्ये गुग्गुळ होता. दुसऱ्या भेटीच्या दिवशी बाकावर बसलेल्या दोन काकांनी आपापल्या बाटल्या उघडून एकमेकांच्या नाकाखाली धरल्या. ‘माझ्याला वासच नाही हो!’ एक जण म्हणाले, आणि पुढच्या भेटीला त्यांचं दुखणं वाढलेलं होतं. आम्ही ते विचलन म्हणून नोंदवलं, एथिक्स कमिटीला कळवलं, पुढच्या खेपेच्या प्लासिबोला बाहेरून गुग्गुळाचा वास लावून घेतला. झालेलं मात्र भरून आलं नाही. त्यामुळे तुमच्या निबंधात ‘प्लासिबो दिसायला-चवीला सारखा होता’ हे एक वाक्य वाचून माझं समाधान होत नाही. रुग्णांना शेवटी विचारलंत का, तुम्हाला काय दिलं असं वाटतं? काय उत्तरं आली? २०१७ मध्ये चिनी औषधयोगांच्या चाचण्या कशा लिहाव्यात याचे नियम ठरले, ते चांगले आहेत. ते पाळताना हा प्रश्नही विचारा.

मग नावांचा घोळ. ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या दवाखान्यात १९९०च्या सुमारास बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. हवी होती फांगची. आली ग्वांग फांगची. नावात एका अक्षराची भर, वनस्पती दुसऱ्याच कुळातली, तिच्यात किडनीला घातक असं अॅरिस्टोलोकिक आम्ल. शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. तेच आम्ल असलेल्या ग्वान मूथोंग या वनस्पतीला तुम्ही २००३ साली औषधांच्या यादीतून काढलंत. त्याच कुळातली ईश्वरी आमच्या रानात वाढते आणि औषधात जाते. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, तेव्हा केवढं वादळ उठलं. कुणी म्हणालं ती गुळवेल नव्हेच, तिची भावंडवेल असेल. असेलही. पण मग काकूनं कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, हे तिला कोण सांगणार? किडनीचं दुखणं सावकाश येतं, दुखत नाही, आणि औषधाकडे बोट दाखवायला उशीर झालेला असतो. तीन महिन्यांच्या चाचणीत किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन हलत नाही, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा बघायला हवं.

आमचे वैद्य आणि तुमचे वैद्य एक गोष्ट अगदी एका सुरात म्हणतात : आमचं औषध माणसागणिक बदलतं, एकच कॅप्सूल हजारांना देऊन त्याची परीक्षा होत नाही. हा आक्षेप मी कधीही उडवून लावलेला नाही. पण परीक्षा होते. १९९८ मध्ये सिडनीला ११६ जणांवर आतड्याच्या जुनाट चिडचिडीसाठी झाली होती. एका गटाला प्लासिबो, एकाला सगळ्यांना सारखा ठरलेला चिनी योग, एकाला वैद्यानं त्याच्यासाठी लिहिलेला योग. सोळा आठवड्यांनी दोन्ही योग प्लासिबोपेक्षा सरस. उपचार थांबल्यावर चौदा आठवड्यांनी बघितलं, तेव्हा फायदा टिकला होता तो वैद्यानं लिहिलेल्या योगाच्या गटात. हे त्यांना कळलं कशामुळे? औषध संपल्यावरही ते थांबून राहिले म्हणून. तुमच्या नाडीपरीक्षेवर तुमचा विश्वास आहे ना, मग अशा शंभर चाचण्या करा. कॅप्सूल कंपनीला परवडते म्हणून तिचीच परीक्षा होत राहिली, तर तुमच्या विद्येचा खरा गाभा तपासायचा राहूनच जाईल.

२०१७पासून लागू झालेल्या तुमच्या कायद्यात जुन्या ग्रंथांतल्या नामांकित योगांना माणसांवरच्या चाचणीतून सूट आहे. आमच्याकडेही ग्रंथोक्त औषधाला परवाना घेताना चाचणीची अट नाही. कारण दोन्हीकडे एकच सांगतात : हजारो वर्षं लोक घेत आले आहेत. हिवतापावर औषध शोधणाऱ्या तुमच्या थू योयो यांनी चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात छिंगहाव या वनस्पतीचा रस पिळून पिण्याची ओळ वाचली आणि त्यावरून उकळणं सोडून कमी तापमानात अर्क काढला, हे सगळ्यांना पाठ आहे. जुना ग्रंथ खजिना असतो, हे त्यांच्या २०१५च्या नोबेलनं सिद्ध केलं. पण त्यांनीही ग्रंथातली ओळ वाचून थेट औषध वाटलं नाही. उंदरांवर, माकडांवर, मग स्वतःवर घेऊन बघितलं. शिवाय गे होंगच्या काळातला माणूस ७८ वर्षांचा होऊन वॉरफरिन, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत नव्हता. हजार वर्षांचा अनुभव त्या माणसाचा आहे. अक्कांचा अनुभव अजून कुणी घेतलेला नाही.

आमच्या कामात एक साधी युक्ती आहे, ती तुमच्या नर्सेसनाही ठाऊक असेल, तरी लिहिते. रुग्णाला ‘आणखी काही औषध घेता का?’ विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो. मी फॉर्म बाजूला ठेवते, पेनाला टोपण घालते आणि विचारते, ‘घरगुती काही? सकाळी उपाशीपोटी काय घेता?’ मग निघतं. मेथीचे दाणे, कारल्याचा रस, जावयानं आणून दिलेली पूड, गावाकडून आलेल्या मुळ्या. एकदा एका आजोबांच्या पिशवीत सात गोष्टी निघाल्या, एकही फॉर्मवर नव्हती. तुमच्याकडे उलटं होत असेल. पारंपरिक विभागात आलेला रुग्ण दुसऱ्या दवाखान्यातली आधुनिक गोळी सांगत नसेल. प्रत्येक भेटीत हा प्रश्न टोपण घालून विचारला जावा, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं जावं. ती रिकामी ओळ भरायला लागणारा मजकूर तिथेच मिळणार आहे.

अक्कांचे तीन खोके सध्या माझ्या कपाटात आहेत, त्यांच्याच सांगण्यावरून. घरात राहिले तर हात जाईल, म्हणाल्या. मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना कागदाचा फोटो पाठवला. घटकांपैकी दोन वनस्पतींबद्दल त्यांना शंका आहे, बाकीच्यांबद्दल सांगता येत नाही, तोवर नको, असा निरोप आला. अक्कांनी तो शांतपणे ऐकला. गुडघे तर दुखतातच. थंडी पडली की जास्त. परवा संध्याकाळी पुन्हा वर आल्या, बारा पायऱ्या, या वेळी तीनदा थांबून, आणि दारातूनच विचारलं, ‘चीनमधून काही कळलं का गं?’

कळवा.

आपली,
पुण्यातील एक क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर